दुसरा दगड

माझी आत्या भर सकाळी दिवा लावून कामाला बसते. बाहेर लख्ख ऊन पडलेलं असतं, तरी तिच्या टेबलावर पिवळा दिवा जळत असतो. नवीन माणूस आला की हमखास म्हणतो, "दिवा राहिलाय वाटतं चालू." आत्या म्हणते, "राहिला नाही, लावलाय." पुढचं ती सांगत नाही. ते मी सांगते, कारण मला तिच्याइतकं गप्प बसता येत नाही.

आत्या नकाशे काढते. आधी मोठ्या तिरक्या फळीवर कागद ताणून काढायची, मग ऑफिसात संगणक आले आणि तिच्या वयाच्या बहुतेकांनी हात टेकले. आत्याने नाही टेकले. तिचं म्हणणं, फळीवर पेन्सिल कुठे टेकवायची हे डोळ्यांनी ठरवावं लागायचं, इथे आकड्यांनी ठरवता येतं, मग वाईट काय? प्रत्येक बिंदूला दोन आकडे. पहिला आडवा किती जायचं त्याचा, दुसरा उभं किती जायचं त्याचा, आणि दोन्ही मोजायचे एकाच शून्यापासून. दोन आकडे टाइप करा, एंटर दाबा, बिंदू जिथे हवा तिथेच पडतो, केसभरही इकडेतिकडे नाही. माउसने अंदाजे टिचक्या मारणाऱ्यांवर तिचा भारी राग. "डोळे मिटून सुई ओवताय का?" असं ती ऑफिसातल्या मोठमोठ्या साहेबांनाही विचारायची. कुठलंही ड्रॉइंग समोर आलं की तिचा पहिला प्रश्न असायचा, "शून्य कुठे धरलंय?" त्यामुळे बांधकामावरचे मिस्त्री तिला शून्यताई म्हणायचे. तिला ते आवडायचं. लग्न का केलं नाही या प्रश्नालाही तिचं उत्तर ठरलेलं होतं, "मापात बसणारा सापडला नाही."

खरी गोष्ट अशी की तिला सवड मिळाली नाही. आजी लवकर गेली तेव्हा माझे बाबा लहान होते. आत्याने त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपलं. बाबांना ती आजही 'धाकट्या' म्हणते, आणि त्यांचं टक्कल पडून जमाना झाला. बाबांना अभ्यासाचा कंटाळा, म्हणून तिने स्वयंपाकघराच्या फरशीवर खेळ काढला होता. दारामागचा कोपरा म्हणजे शून्य. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि ओरडायची, "चार, सात!" बाबांनी आधी आडव्या चार फरश्या चालायच्या, मग उभ्या सात, आणि जिथे पोहोचतील तिथल्या डब्याखाली किंवा पाटाखाली गोळी ठेवलेली असायची. आधी उभं चालले तर वाटेत टेबल यायचं आणि डोकं आपटायचं. हाच खेळ पुढे ती माझ्याशीही खेळली, म्हणून मला माहीत. तिने कधी फसवलं नाही. 'चार, सात' म्हटलं तर गोळी चार, सातलाच असायची.

बाबा मोजणीदार झाले ते या खेळामुळे, असं ते स्वतःच सांगायचे. तिपाईवर यंत्र लावायचं, ड्रॉइंगवरचे आकडे वाचायचे आणि जमिनीवर नेमक्या त्या जागी खुंटी मारायची. म्हणजे आत्या कागदावर बिंदू ठेवणार आणि बाबा तो जमिनीवर आणणार. बहीणभावांची ही जोडी आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होती. आत्याला त्याचा केवढा अभिमान. "माझ्या रेघेवरून धाकटा चालतो," असं ती म्हणायची, आणि बाबा ऐकून मान खाली घालून हसायचे. ते हसणं मला आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

आजोबांनी जाताना सांगितलं होतं, प्लॉट अर्धा तिचा, अर्धा याचा. प्लॉट बारा मीटर रुंद. दोघांनी मिळून जोडघर बांधायचं ठरवलं. मधली भिंत सामाईक, रस्त्यावरून बघितलं तर डावं घर आमचं, उजवं आत्याचं. दोन्ही बाजूंना हद्दीपर्यंत दीड-दीड मीटर मोकळी जागा, तसा नियमच आहे. ड्रॉइंग अर्थात आत्याने काढलं.

त्या ड्रॉइंगमध्ये तिने सगळ्यात आधी काय काढलं असेल, तर खिडकी. खांब नंतर, भिंती नंतर. तिच्या उजव्या बाजूच्या खोलीत, उगवतीकडे, चांगली रुंद खिडकी. नोकरी सोडल्यावर त्या खिडकीपाशी टेबल टाकून घरून काम घ्यायचं, हे तिचं कितीतरी वर्षांचं मनात होतं. तिच्या धंद्याला उजेड लागतो. पडद्यावर सगळंच बरोबर दिसतं, चूक दिसते ती कागदावर, असं तिचं पक्कं मत. प्रत्येक ड्रॉइंग छापून, उजेडात धरून, लाल पेन्सिलीने एकेक आकडा तपासल्याशिवाय ती हातातून सोडत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खिडक्या काढल्या, एक आपली हवी होती.

प्लॉटच्या चार कोपऱ्यांना हद्दीचे दगड होते, डोक्यावर फुली कोरलेले. समोरच्या डाव्या कोपऱ्यातल्या दगडाला तिने शून्य धरलं. सगळे खांब तिथून मोजलेले. दोन प्रकारे आकडे देता येतात, शून्यापासून किंवा मागच्या बिंदूपासून. खिडक्या, पायऱ्या वगैरे ती मागच्या बिंदूपासून द्यायची, पण खांब कधीच नाही. मागच्या बिंदूपासून चालत गेलं की एक चूक पुढच्या सगळ्यांच्या गळ्यात पडते. पहिला खांब आडवा पंधराशे मिलिमीटर, म्हणजे दगडापासून दीड मीटर आत. पुढचे सगळे त्याच दगडापासून.

आता तिची एक सवय सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलंय. आत्या कुठल्याही ड्रॉइंगवर फक्त शून्य देऊन थांबायची नाही. खाली एक ओळ असायचीच, दुसऱ्या एखाद्या पक्क्या दगडाचे आकडे. ताळ्यासाठी. खुंट्या मारून झाल्या की मिस्त्री त्या दुसऱ्या दगडापासून उलटं मोजून बघायचा, आणि जुळलं तरच खड्डे खणायचा. शून्य चुकीच्या जागी धरलं असेल तर दुसरा दगड ते लगेच सांगतो. ऑफिसात ही ओळ नसलेलं ड्रॉइंग आलं की ती परत पाठवायची.

आमच्या घराच्या ड्रॉइंगवर ती ओळ नव्हती.

काम सुरू व्हायच्या आठवड्यात आत्या ऑफिसच्या जिन्यावरून घसरली आणि तिचा घोटा मोडला. पाय प्लास्टरमध्ये, मुक्काम भाड्याच्या घरातल्या पलंगावर. मिस्त्री ड्रॉइंग न्यायला आला तेव्हा मी तिथेच होते. त्याने कागद उलटापालटा करून बघितला.

"शून्यताई, यावर दुसरा दगड नाही?"

"खुंट्या कोण मारणार आहे, माहीत आहे ना?"

"दादाच मारणार आहेत."

"मग? धाकट्याच्या खुंट्यांचा ताळा घेऊ मी? उद्या सख्ख्या भावाला ओळखपत्र मागायला सांगशील."

मिस्त्री हसला, मी हसले, आत्या तर इतकी हसली की पाय दुखला तिचा. बाबाही दारात उभे होते. तेही हसले.

घर उभं राहू लागलं. पायाचं प्लास्टर निघून आत्या पहिल्यांदा बघायला आली तोवर भिंती डोक्याएवढ्या झाल्या होत्या. तिने खोल्यांत टेप लावून बघितला. सगळी मापं मिलिमीटरला बरोबर. बाहेर आल्यावर आमच्या बाजूच्या बोळाकडे बघून ती एवढंच म्हणाली, "ही गल्ली रुंद वाटते रे."

"इकडच्या शेजाऱ्यानं जाडजूड दगडी कुंपण पाडून पत्रा लावला ना," बाबा म्हणाले. "तेवढी जागा मोकळी झाली."

"चांगलं केलं त्यानं," आत्या म्हणाली. झालं. बाबांनी कोपऱ्यात सिमेंटची एक भलीमोठी कुंडी आणून ठेवली, तिच्यात झाड लावलं. बोळात गाडी उभी राहू लागली. नंतर गाडीच्या वर खांब घालून एक खोली काढली, माझ्यासाठी. मला स्वतःची खोली मिळाली म्हणून मी आठवडाभर नाचत होते.

आत्याच्या खिडकीबाहेरचा प्लॉट रिकामाच होता. मध्ये कुंपण नव्हतं, हद्दीचा दगड गवतात बुडालेला, त्यामुळे आपली जागा कुठे संपते ते दिसायचं नाही. सकाळी तिच्या टेबलावर ऊन यायचं. ती कागद धरून बसायची, लाल पेन्सिल कानावर खोचलेली. मी कॉलेजला जाताना खिडकीतून हात करायची. त्या दिवसांतली आत्या मला सगळ्यात सुखी आठवते. गंमत बघा, तीही त्याच चोरीवर बसली होती, फक्त अजून कळलेलं नव्हतं.

मग उजव्या प्लॉटचा मालक आला. बांधकाम काढायचं म्हणून त्याने हद्द मोजून घेतली आणि तावातावाने आत्याच्या दारात उभा राहिला.

"बाई, तुमची भिंत हद्दीपासून फूटभर आहे. नियम दीड मीटरचा आहे."

"दीड मीटरच आहे," आत्या म्हणाली. "ड्रॉइंग मी काढलंय."

"ड्रॉइंग असेल हो. घर तिथे नाहीये."

आत्याचा पारा असा चढलेला मी कधी बघितला नव्हता. "खुंट्या माझ्या भावानं मारल्यात! त्याची मोजणी चुकत नाही. तुमचा दगड हलवलाय कुणीतरी. चोराच्या उलट्या बोंबा!" ती एवढ्या मोठ्याने बोलत होती की रस्त्यावरचे लोक थांबले. बाबा बाहेर आले. मला वाटलं, आता बाबा त्या माणसाला यंत्र लावून दाखवतील आणि त्याचं तोंड बंद करतील. बाबांनी आत्याचा दंड धरला आणि हळूच म्हणाले, "ताई, सोड ना. शेजाऱ्याशी कशाला वैर? बांधू दे त्याला काय बांधायचं ते."

आत्या बोलायची थांबली. कुठल्याही साइटवर पाच मिलिमीटरसाठी मिस्त्र्यांशी हमरीतुमरीवर येणारा तिचा भाऊ चार फूट सोडून द्या म्हणत होता. तिने दंड सोडवून घेतला आणि माझ्याकडे वळली.

"टेप आण."

आम्ही पुढच्या डाव्या कोपऱ्यात गेलो. ती कुंडी हलेना. आत्याने पदर खोचला, आम्ही दोघींनी मिळून ढकलली. खाली दगड होता, फुलीसकट, अगदी जिथे असायला हवा तिथे. आत्या टेपचं टोक फुलीवर दाबून खाली बसली. मी दुसरं टोक घेऊन आमच्या भिंतीपर्यंत गेले. मध्ये गाडी होती, तिला वळसा घालून टेप ताणावा लागला.

"वाच."

"सत्तावीसशे."

"पुन्हा वाच."

"सत्तावीसशेच आहेत, आत्या."

तिथे पंधराशे असायला हवे होते. आत्या तशीच बसून गाडीकडे बघत राहिली. दीड मीटरमध्ये गाडी मावत नाही. हे कुणालाही कळतं, शेंबड्या पोरालाही. आम्ही सगळे रोज ती गाडी तिथे उभी बघत होतो, तिच्या शेजारून ये-जा करत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आत्याने आयुष्यात शेकडो गाड्यांच्या जागा काढल्या असतील, किती रुंदी लागते ते झोपेत सांगेल. पण भावाने पत्र्याची गोष्ट सांगितली होती ना.

ती उठली आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात आली. बाबा खुर्चीत बसले होते, आई ओट्याशी.

"शून्य कुठे धरलंस?" आत्याने विचारलं. आवाज अगदी साधा, ऑफिसात विचारते तसा.

बाबांनी पहिल्यांदा यंत्राचं काहीतरी काढलं. ऊन, तिपाई, घाई. आत्या थांबून राहिली. तिला थांबता येतं. शेवटी बाबा म्हणाले, "दगडापासून बाराशे आत."

"का?"

"ताई, तो प्लॉट तेव्हा रिकामाच होता! कोण येतंय तिकडे, असं वाटलं. मला गाडी ठेवायला जागा नको का? कामाला गाडीच लागते मला. तुझ्या खोल्यांतला एक इंच तरी कमी केलाय का मी? सगळं घर तसंच्या तसं सरकवलंय. आणि..." इथे ते थांबले असते तरी चाललं असतं. थांबले नाहीत. "आणि तू एकटी. एकट्या माणसाला उजेड तो किती लागतो?"

मी आईकडे बघितलं. ती काहीतरी बोलेल असं वाटलं. तिने गॅस बारीक केला आणि पातेल्यातच बघत राहिली. आईलाही माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. घरात फक्त दोघींना माहीत नव्हतं, जिची जागा गेली तिला आणि जिला वरची खोली मिळाली तिला. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि मला वर बसवून भरवलंसुद्धा.

"झालं ते झालं," आई म्हणाली. "आपलेच दात, आपलेच ओठ."

आत्या तिच्या घरी गेली. मधली भिंत सामाईक आहे, पलीकडचा आवाज येतो. त्या दिवशी काहीच आवाज आला नाही. मी बाबांना तोंडावर म्हटलं की तुम्ही केसाने गळा कापलात. बाबा म्हणाले, "तुझ्या खोलीसाठीच केलं." तेव्हा गाडीसाठी होतं, आता माझ्यासाठी झालं. बापाचा इतका राग येऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

उजवीकडच्या शेजाऱ्याने चिडून हद्दीवर दोन पुरुष उंचीची भिंत घातली. आमचीच भिंत नियमात नव्हती, मग बोलायला जागा नव्हती. आत्याच्या खिडकीची दारं बाहेर उघडणारी. भिंत झाल्यावर ती जेमतेम एक वीत उघडायची आणि भिंतीला टेकायची. शेवटी आत्याने दारं काढून ठेवली आणि टेबलावर दिवा आणला. मी तिला म्हटलं, टेबल माझ्या खोलीत टाक, वर छान उजेड येतो. ती एकदा आली. खिडकीशी उभी राहिली, कागद धरून बघितला. "चांगला आहे उजेड," म्हणाली आणि जिना उतरून गेली. परत कधी आली नाही. मी जाड पडदा लावला, पण त्याने काय होणार होतं?

वर्षभराने बाबांना वरचा मजला चढवायचा होता. परवानगीसाठी कचेरीत सध्या उभ्या असलेल्या घराचं ड्रॉइंग द्यावं लागतं. बाबा ते दुसऱ्या कुणाकडून काढून घेऊ शकले असते. पण ते आत्याकडेच गेले. बहुधा त्यांना वाटलं, ती काढून देईल आणि सगळं पूर्वीसारखं होईल. त्यांना खरंच असं वाटलं असावं, हे मला जास्त लागतं. मी तेव्हा आत्याच्या शेजारी बसून काम शिकत होते. आत्याने मान वर न करता विचारलं, "शून्य कुठे धरू?"

"तू म्हणशील तिथे, ताई."

"मग दगडावर धरते."

तिने ड्रॉइंग काढलं, छापलं, लाल पेन्सिलीने तपासलं आणि बाबांच्या हातात दिलं. पहिला खांब, आडवा सत्तावीसशे. उजवीकडे मोकळी जागा, तीनशे. बाबांचा चेहरा उतरला.

"हे असं दिलं तर परवानगी मिळणार नाही. पंधराशे लिही ना. कचेरीतलं कोण येतंय मोजायला?"

आत्याने कागदाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. दुसऱ्या दगडाचे आकडे होते, आडवा बारा हजार, उभा शून्य. "ताळा दिलाय या वेळी," ती म्हणाली. "कुणीही मोजू शकतं."

बाबा कागद घेऊन उभे राहिले. मग तो टेबलावर ठेवून गेले. मजला चढला नाही. त्यानंतर दोघं बोलतात, पण पाणी आलं का, गॅस संपला का, एवढंच. आत्या त्यांना अजून धाकट्याच म्हणते. तिला दुसरं नाव येत नाही.

बाबा गेल्यावर मी ड्रॉइंग बंद करायला निघाले, तर आत्या म्हणाली, "थांब." तिने जुनं ड्रॉइंग उघडलं, आमच्या घराचं, पहिलं, ज्यावर दुसरा दगड नव्हता. सगळं घर निवडलं. सरकवायची आज्ञा दिली आणि टाइप केलं, अ‍ॅट, बाराशे, स्वल्पविराम, शून्य. म्हणजे आहे तिथून बाराशे आडवं, उभं काही नाही. एंटर दाबलं. पडद्यावर दोन्ही घरं, खांब, भिंती, तिची खिडकी, सगळं एकदम उजवीकडे सरकलं आणि डावीकडे गाडीपुरती जागा झाली.

"बघ," ती म्हणाली. "एका ओळीचं काम होतं."

मी पडद्यावर तिच्या खिडकीची रेघ शोधली.

"मागितलं असतं ना त्यानं, तर मीच सरकवून दिलं असतं गं. खिडकी दुसरीकडे काढली असती."

तिने दिवा थोडा जवळ ओढला. मग घर परत जागेवर नेलं, पंधराशेवर, आणि सेव्ह न करता फाइल बंद केली.